प्रकट होण्याचा संकोच : व्यावसायिक कार्यासाठी समाजमाध्यमे वापरण्याविषयीच्या अनिच्छेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

वर्धा शहरालगतच्या सावंगी (मेघे) या गावाची ओळख गेल्या साडेतीन दशकांत पालटली आहे. १९९० मध्ये येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यास जोडून आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभे राहिले आणि २००५ मध्ये या संकुलास अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. शहराच्या दुसऱ्या बाजूस, सेवाग्राम येथे, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ पासून कार्यरत आहे. त्यातच १९९७ मध्ये स्थापन झालेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आणि कला, वाणिज्य, विज्ञान शाखांची जुनी महाविद्यालये यांची भर. कापूस पिकविणाऱ्या एका लहानशा जिल्ह्यात विशेषज्ञांची एवढी दाटी क्वचितच आढळेल.

मात्र हा विशेषज्ञ वर्ग समाजमाध्यमांवर आपल्या व्यवसायाच्या नात्याने फारसा बोलत नाही, असे सर्वसाधारण निरीक्षण आहे. कौटुंबिक छायाचित्रे आणि सणांच्या शुभेच्छा यांसाठी तीच माध्यमे सहजपणे हाताळणारा प्राध्यापक स्वतःच्या विषयावर चार ओळी लिहिताना मात्र अडखळतो. याचे परिणाम केवळ शैक्षणिक नाहीत. पावसाळ्यात शेतात साप चावल्यास दंशाच्या जागी चीर देऊ नये, घट्ट आवळून बांधू नये, झाडफुकीत वेळ न घालविता प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे, हे सावंगीच्या किंवा सेवाग्रामच्या कोणत्याही निवासी डॉक्टरास पाठ असते. शेतमजुराच्या भ्रमणध्वनीवर मात्र चीर देऊन रक्त काढण्याचा सल्ला पोहोचलेला असतो. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हाही फवारणी करताना काय टाळावे हे सांगू शकणारी माणसे या परिसरात होतीच.

या अनिच्छेचे कारण तंत्रज्ञानाचे अज्ञान किंवा वाढते वय असे सांगण्याची प्रथा आहे. कार्यशाळांमधून त्यावर प्रशिक्षणाचा उपाय सुचविला जातो. प्रस्तुत लेखात वेगळी भूमिका घेतली आहे. हा संकोच बव्हंशी व्यावसायिक नीतीच्या एका जुन्या संस्कारातून आलेला आहे. त्याला मुद्रणकलेच्या आगमनापासूनचा इतिहास आहे. आणि महाराष्ट्रात तो ज्यांनी ओलांडला त्यांनी तो संस्कार टाकून दिला नव्हता. या प्रतिपादनाच्या पुष्ट्यर्थ मुंबई, पुणे व वर्धा येथील काही प्रसंगांचा विचार येथे केला आहे.

छापील कागदाचा विटाळ

नव्या माध्यमाविषयीची अनिच्छा मराठी समाजात प्रथम ठळकपणे दिसते ती छापखान्याच्या संदर्भात. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर पहिले मराठी पंचांग छापले. पंचांग हा शास्त्री-जोशी मंडळींच्या उपजीविकेचा ग्रंथ, आणि नेमका तोच वर्ग छापील कागदाला शिवण्यास तयार नव्हता, कारण शाईत चरबी असते हा समज. गणपत कृष्णाजींनी शाईसाठी तूप वापरले. गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात छापील कागदास स्पर्श न करणाऱ्या भटजींचा उल्लेख केला आहे. याचा अर्थ असा की तुपाची शाई निघून तीस वर्षे लोटली तरी संकोच पूर्णतः गेला नव्हता.

या घटनेकडे आज आपण किंचित हसून पाहतो. परंतु येथे काय घडले ते नीट पाहावयास हवे. मुद्रकाने शास्त्र्यांच्या सोवळ्याची थट्टा केली नाही, त्यांना मागासही ठरविले नाही. त्यांच्या आक्षेपातील नेमका मुद्दा ओळखून त्याने आपल्या माध्यमात बदल केला. पुढेही धर्मग्रंथ दीर्घकाळ सुट्या, आडव्या पानांच्या पोथीच्या आकारात छापले जात राहिले. वाचकाच्या हाताला सवय होती तीच ठेवण मुद्रकांनी जपली. समाजमाध्यमांच्या प्रशिक्षणवर्गांत सहभागी प्राध्यापकांना ‘काळाबरोबर चला’ असे बजावले जाते, तेव्हा गणपत कृष्णाजींची ही रीत अधिक शहाणपणाची होती असे म्हणावेसे वाटते.

याच काळात अध्यापन-व्यवसायातील एका तरुणाने नवे माध्यम निःसंकोचपणे हाताळले. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले तेव्हा ते विशीचे होते. इंग्रजी व मराठी असे दुहेरी स्तंभ असलेले हे पत्र १८४० मध्ये बंद पडले. त्याच वर्षी, एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन करीत असतानाच, त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले आणि त्यातून भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास असे विषय मराठी वाचकांपुढे ठेवले. वर्गात शिकविणे आणि वर्गाबाहेरच्यांस सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत असे त्यांना वाटलेले दिसत नाही. अर्थात जांभेकर हा अपवाद होता. अपवादावरून नियम काढता येत नाही.

टोपणनावाचा आडोसा

गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते. भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ पासून त्यांची जी पत्रे प्रसिद्ध होऊ लागली, ती ‘लोकहितवादी’ या नावाने. स्वजातीच्या विद्वत्तेवर, आळसावर व रूढींवर एवढी कठोर टीका स्वतःच्या नावाने आणि सरकारी हुद्द्यासह करणे त्या काळी अशक्यप्राय होते. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे निनावी खाते होय. फरक एवढाच की लोकहितवादींचे नाव पुढे उघड झाले आणि टोपणनावच सन्मानदर्शक ठरले.

सव्वाशे वर्षांनी असाच आडोसा एका शास्त्रज्ञाने घेतला, परंतु नेमक्या उलट कारणासाठी. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, पत्नीच्या हस्ताक्षरात, ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून हे नाव तयार केले होते. परीक्षकांवर आपल्या कीर्तीचा प्रभाव पडू नये एवढाच हेतू. कथेला प्रथम पारितोषिक मिळाले आणि मराठीत लोकांसाठी लिहिणारा एक थोर वैज्ञानिक घडला. नारळीकरांना अधिकाऱ्यांची भीती नव्हती. लिखाण स्वतःच्या गुणावर टिकावे, नावावर नव्हे, ही विद्यापीठीय वृत्ती त्यांच्यात मुरलेली होती. समीक्षित नियतकालिकात लेखकाचे नाव परीक्षकापासून लपविले जाते त्यामागेही हीच वृत्ती आहे. याउलट समाजमाध्यमात नाव, चेहरा व अनुयायांची संख्या आधी दिसते आणि मजकूर नंतर. ज्याचे सारे व्यावसायिक आयुष्य निनावी परीक्षणावर विश्वास ठेवण्यात गेले, तो अशा ठिकाणी बिचकला तर त्यात नवल ते काय?

नाव न लपविण्याची किंमत किती असू शकते हे र. धों. कर्वे यांच्या चरित्रावरून कळते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांनी संततिनियमनाचा जाहीर प्रचार केला आणि त्यापायी १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. अश्लीलतेच्या आरोपावरून खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, चालले. शरीरशास्त्राची जी माहिती वैद्यकीय ग्रंथांत निर्वेधपणे छापली जात होती, तीच मराठी मासिकात आल्याबरोबर गुन्हा ठरली. आशय तोच असताना वाचक बदलला की आक्षेप निर्माण होतो, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

जाहिरात आणि प्रतिष्ठा

संकोचाचे सर्वांत खोल मूळ मात्र भीतीत नसून प्रतिष्ठेच्या कल्पनेत आहे. वैद्यक व वकिली हे ‘उदात्त व्यवसाय’ मानले गेले ते त्यांनी बाजाराची रीत नाकारली म्हणून. थॉमस पर्सिव्हल यांच्या १८०३ मधील इंग्लंडमधील वैद्यकीय नीतिग्रंथापासून ही परंपरा सांगता येते. अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या १८४७ च्या संहितेने वैद्याने जाहिरात करणे हीनपणाचे मानले. आपल्याकडे १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने नोंदणीकृत डॉक्टरांची व्यवस्था निर्माण झाली. जडीबुटीवाले आणि हमखास गुणाची ग्वाही देणारे जाहिरातदार यांच्यापासून वेगळे दिसणे ही त्या पहिल्या पिढ्यांची गरज होती. वर्तमानपत्रात ज्याची जाहिरात तो भोंदू, असे समीकरण त्यातून रुजले. मराठीत ‘स्वतःची टिमकी वाजविणे’ हा वाक्प्रचार निंदाव्यंजकच आहे.

वकिलीच्या क्षेत्रात याचे एक बोलके उदाहरण गांधीजींच्या आत्मकथेत सापडते. इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत त्यांनी दलालांना दलाली देण्याचे साफ नाकारले आणि कामाअभावी राजकोटला परतले. तेथे मात्र ज्या वकिलांमार्फत काम येई त्यांना वाटा द्यावा लागला आणि मुंबईत पाळलेले तत्त्व आपण सोडले, अशी कबुली त्यांनी दिली आहे. जाहिरातीला मनाई असलेल्या व्यवसायात पडद्याआडचे मध्यस्थ फोफावतात हे त्यातून दिसते. वकिलांना संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता अशी मोजकी माहिती देण्याची मुभा बार कौन्सिलने २००८ मध्ये दिली. तोवर तीही नव्हती.

डॉक्टरांच्या बाबतीत भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता मुळातून वाचण्यासारखी आहे. अनेक सहकारी ती न वाचताच तिचा धाक बाळगतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रुग्ण आकर्षित करण्यासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष याचना करण्यास तीत मनाई आहे. व्यवसाय सुरू करणे, पत्ता बदलणे, काही काळ अनुपस्थित राहणे अशा ठरावीक प्रसंगीच वृत्तपत्रात निवेदन देता येते. रोग व उपचार यांविषयी स्वतःची जाहिरात होईल असे लेख किंवा मुलाखती देऊ नयेत, असेही ती सांगते. परंतु त्याच कलमात पुढे म्हटले आहे की सार्वजनिक आरोग्य व आरोग्यदायी राहणीमान या विषयांवर डॉक्टर स्वतःच्या नावाने सर्वसामान्यांच्या वृत्तपत्रांत लिहू शकतो, व्याख्याने देऊ शकतो आणि रेडिओ, दूरचित्रवाणी व ‘इंटरनेट चॅट’वर बोलू शकतो. फेसबुकचा जन्म २००४ चा, ट्विटरचा २००६ चा, व्हॉट्सअ‍ॅपचा २००९ चा. यांपैकी काहीच अस्तित्वात नसताना संहितेने दार किलकिले ठेवले होते. बंदी आत्मजाहिरातीला होती, लोकशिक्षणाला नव्हती. व्यवहारात मात्र बंदीच तेवढी लक्षात राहिली. याचे कारण सीमारेषा खरोखरच पुसट आहे. सर्पदंशावरील उत्तम लेखाखाली लेखकाचे नाव व रुग्णालय छापले की तो लेखही काही अंशी जाहिरात होतोच.

वर्ध्याचा अनुभव

या पुसट सीमारेषेवर कसे चालावे याची काही उदाहरणे सावंगीच्या अगदी जवळ आहेत. ज्यांचे नाव येथील रुग्णालयास दिले आहे ते विनोबा १९२१ मध्ये वर्ध्यास आले. १९२३ मध्ये त्यांनी येथूनच ‘महाराष्ट्र-धर्म’ हे मासिक सुरू केले. त्याच वर्षी नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना कारावास घडला, आणि पुढे हे पत्र साप्ताहिक रूपाने चालले. म्हणजे प्रसिद्धीपराङ्मुख म्हणून ओळखला जाणारा हा माणूस वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी संपादक होता. तरीही १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा देशातील बहुसंख्य लोकांना ते अपरिचित होते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे सत्याग्रह झाला आणि गांधीजींना ‘हरिजन’मध्ये विनोबा कोण आहेत हे सांगणारा लेख लिहावा लागला.

हा प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जुन्या व्यवस्थेत विद्वानाची ओळख दुसरा कोणीतरी करून देत असे: गुरू, संपादक, सभेचा अध्यक्ष, प्रस्तावना लिहिणारा ज्येष्ठ. व्याख्यानापूर्वी वक्त्याचा परिचय करून देण्याची आपली पद्धत त्यातलीच. समाजमाध्यमाने हा मधला माणूस काढून टाकला आणि परिचयाचे काम ज्याचे त्याच्यावरच सोपविले. स्वतःच्या पात्रतेचा गोषवारा स्वतःच लिहावयाचा, स्वतःचा शोधनिबंध प्रसिद्ध झाल्याची वार्ता स्वतःच द्यावयाची. आत्मस्तुती निषिद्ध मानणाऱ्या पिढीला हे जड जाते. येथे उपायही त्या जुन्या पद्धतीतच सापडतो. विभागाने वा महाविद्यालयाने आपल्या अधिकृत खात्यावरून सहकाऱ्यांच्या कामाचा परिचय करून द्यावा, ज्येष्ठांनी कनिष्ठांचे लेख पुढे पाठवावेत. परिचय करून देणारा पुन्हा उभा राहिला तर बोलणाऱ्याचा निम्मा संकोच गळून पडेल.

दुसरे उदाहरण जे. सी. कुमारप्पा यांचे. लंडन येथे सनदी लेखापाल झालेले आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले कुमारप्पा १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून पाहत. ‘ग्रामोद्योग पत्रिका’ हे त्या संघाचे मुखपत्र. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, मधमाशीपालन, हातकागद असे विषय त्यात येत. लेखापालाची शिस्त आणि ग्रामीण वाचकाची गरज यांचा मेळ त्यात दिसतो. १९४२ मध्ये भारतातून माल नेऊन मोबदल्यात कागदी देणी ठेवणाऱ्या ब्रिटिश युद्धनीतीवर त्यांनी याच पत्रिकेत टीका केली आणि ते तुरुंगात गेले. व्यवसायाचे ज्ञान लोकांच्या भाषेत उतरले की ते सत्तेलाही झोंबते. आपल्या आजच्या संकोचामागे ही जाणीवसुद्धा असते.

तिसरा प्रसंग दिल्लीत घडला, पण त्यातील व्यक्ती सेवाग्रामचीच. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात आश्रमात बसविलेला दूरध्वनी नाकारला नाही. तो आजही आश्रमात जतन केलेला आहे. ऑगस्ट १९४६ मध्ये त्यांनी सेवाग्राम सोडले ते परत आले नाहीत. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, दिवाळीच्या दिवशी, कुरुक्षेत्र येथील छावणीतील निर्वासितांना भेटण्यास जाणे त्यांना शक्य झाले नाही, तेव्हा ते दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात गेले. या केंद्रातील त्यांची ही एकमेव भेट. या प्रकारात आपल्याला रस नाही, अशा आशयाची नापसंती त्यांनी भाषणाच्या आरंभीच व्यक्त केली आणि मग निर्वासितांशी त्यांची स्वच्छता, शिस्त व कष्ट यांविषयी बोलले. माध्यमाची आवड त्यांना शेवटपर्यंत लागली नाही. घरदार सोडून आलेली माणसे दुसऱ्या टोकाला ऐकत होती, एवढे कारण त्यांना पुरले.

२०२० नंतरचा काळ

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्याच दिवशी केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि दृक्-श्राव्य संवादाबरोबरच व्हॉट्सअ‍ॅपसारख्या संदेशमाध्यमांतून सल्ला देण्यास मान्यता दिली. जे वर्षानुवर्षांच्या आवाहनांनी झाले नव्हते ते गरजेने काही आठवड्यांत घडविले. शिक्षकांच्या बाबतीतही हेच झाले. फळ्यासमोर तीस वर्षे काढलेल्या प्राध्यापकांनी भ्रमणध्वनी पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून तास घेतले. परंतु गरज सरताच बहुतेकांनी ती खाती मिटून ठेवली. सक्तीने हात वळतात, मन वळतेच असे नाही.

सक्तीचे आणखी एक उदाहरण नोंदविले पाहिजे. जुलै २०१९ मध्ये तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या एका पत्राने उच्च शिक्षणसंस्थांना समाजमाध्यमांवर खाती उघडण्यास, विद्यार्थ्यांची खाती त्यांना जोडून घेण्यास आणि त्यासाठी प्राध्यापकांतून एक ‘सोशल मीडिया चॅम्पियन’ नेमण्यास सांगितले. पाळत ठेवली जाईल या शंकेने त्यावर टीका झाली आणि हे ऐच्छिक असल्याचा खुलासा मंत्रालयास करावा लागला. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यम-वापराच्या सूचना काढल्या. त्यांत शासनधोरणांवरील प्रतिकूल टीकेस मनाई होती. एकीकडे ‘प्रकट व्हा’ आणि दुसरीकडे ‘जपून’ असे दोन आदेश एकाच वेळी मिळत असतील, तर लोकहितवादींचा मार्ग आजही मोकळा का वाटतो हे समजण्यासारखे आहे. मात्र वैद्यकात तोही मार्ग उपयोगाचा नाही. निनावी वैद्यकीय सल्ल्यावर विश्वास कोण ठेवील?

मूल्यमापनाची बाजूही येथे विसरता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत संशोधन-गुणांच्या तक्त्यामध्ये शोधनिबंध, पुस्तके, अगदी ई-आशयनिर्मितीसही गुण आहेत. समाजमाध्यमातून केलेल्या लोकशिक्षणास स्वतंत्र स्थान नाही. जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ आजच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात बसले असते, हा प्रश्न विनोदाने विचारला तरी उत्तर सोपे नाही.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या व्यावसायिक वर्तनविषयक विनियमांत समाजमाध्यमांसाठी प्रथमच सविस्तर मार्गदर्शन आले. माहिती वस्तुनिष्ठ व पडताळण्याजोगी असावी; सार्वजनिक पटलावर एखाद्या रुग्णाच्या उपचाराची चर्चा करू नये; रुग्णाने तेथे विचारल्यास त्यास दूरवैद्यक अथवा प्रत्यक्ष तपासणीकडे वळवावे; रुग्णांची छायाचित्रे, शस्त्रक्रियेच्या चित्रफिती व प्रशस्तिपत्रे टाकू नयेत; ‘लाइक्स’ व अनुयायी विकत घेऊ नयेत. गणपत कृष्णाजींच्या तुपासारखेच हे होते, म्हणजे आक्षेपाचा नेमका मुद्दा ओळखून केलेली तजवीज. कचरणाऱ्या डॉक्टरास यात मनाईपेक्षा आश्वासनच अधिक होते, कारण रेषा कोठे आहे हे कोणीतरी अखेर सांगितले होते. परंतु औषधांची नावे मूळ रासायनिक नावाने लिहिण्याच्या सक्तीसह अन्य तरतुदींवरून वैद्यकीय संघटनांनी विरोध केला आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी, अवघ्या तीन आठवड्यांत, ते विनियम स्थगित करण्यात आले. त्यांबरोबर समाजमाध्यमांचे मार्गदर्शनही बाजूला पडले, आणि स्थगितीच्या आदेशाने २००२ चीच संहिता पुन्हा अमलात आणली, ज्यात या साऱ्या विश्वासाठी ‘इंटरनेट चॅट’ एवढे दोनच शब्द आहेत.